दोन चाकांची सोयरीक



आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. वसंत ऋतूतल्या या व्यासपीठांवरून वेदान्त बोलला जातो, अर्थकारण बोलले जाते, राज्यघटनेचा कीस पाडला जातो. तेथे फटफटीवाल्यांच्या परस्परप्रेमाची कथा कोणी का ऐकावी? या शंकेला आमचे पहिले उत्तर वडीलकीचे आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचे रोप लावले ते १८७५ साली. आणि डाइमलर व मायबाख या जर्मन गृहस्थांनी आपली पहिली लाकडी सांगाड्याची मोटारसायकल तयार केली ती १८८५ साली. म्हणजे व्याख्यानमाला मोटारसायकलीहून दहा वर्षांनी थोरली. थोरलीने धाकटीविषयी तासभर ऐकून घ्यावे, यात तिला कमीपणा नाही.

दुसरे उत्तर असे की, आमचा विषय यंत्र हा नाहीच. यंत्रातले आम्हांला फारसे कळतही नाही. प्लगवरची काजळी पुसणे आणि पेट्रोल संपले की कॉक रिझर्व्हवर फिरवणे, एवढीच आमची विद्या. आमचा विषय माणूस हा आहे. ओळख ना देख अशी दोन माणसे रस्त्यावर भेटतात, एक अडलेला असतो, दुसरा थांबतो किंवा थांबत नाही. या थांबण्या-न थांबण्यात काय काय साठलेले असते, ते आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम हे पाहू की, दुचाकीवरच्या माणसांत म्हणून जो एक आपलेपणा दिसतो तो येतो कोठून. मोटार आणि मोटारसायकल यांतला खरा भेद चाकांच्या संख्येचा नाही, तो काचेचा आहे. मोटारीतला माणूस काचेआड असतो. बाहेर पाऊस पडतो तो त्याला दिसतो. दुचाकीवरच्याला तो लागतो. रस्त्यावर वाळू सांडली असेल, खडी पसरली असेल, उसाच्या गाडीतून गळलेल्या कांड्या पडल्या असतील, तर मोटारीला नुसता गचका बसतो. दुचाकी मात्र आडवी होते. दुचाकी स्वतःच्या बळावर उभीसुद्धा राहू शकत नाही. ती चालत असते तोवर उभी; थांबली की तिला माणसाचा पाय लागतो. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतली शेकडा सुमारे ४४ दुचाकीवरची होती. हा आकडा दुचाकीवाल्याला पाठ नसेल, पण तो त्याच्या हाडांना ठाऊक असतो. समोरून येणारा दुसरा दुचाकीवाला त्याला त्याच संकटातला सहप्रवासी वाटतो. ही सोयरीक रक्ताची नाही, जातीची नाही. ती एकाच धोक्याखाली वावरणाऱ्यांची सोयरीक आहे.

या सोयरिकीचे रीतिरिवाज देशोदेशी निरनिराळे आहेत, आणि त्यांतही गंमत आहे. युरोपातील बहुतेक देशांत आणि अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात. समोरचा स्वार आपल्या डाव्या हाताला येतो. डावा हात क्लचवर, म्हणजे तसा मोकळाच. तो किंचित खाली नेऊन बोटे दाखवली की नमस्कार झाला. इंग्लंडात आणि आपल्याकडे वाहतूक डावीकडून. समोरचा येतो उजव्या हाताला, आणि उजवा हात तर गुंतलेला वेग धरून ठेवण्यात. तो सोडला तर गाडी मंदावते. म्हणून तिथले आणि इथले स्वार नुसती मान हलवतात. फ्रान्समध्ये तर वाट करून देणाऱ्याचे आभार उजवा पाय बाहेर काढून मानण्याची चाल आहे. आपल्याकडे कोणी असे आभार मानू लागला, तर पुढच्या चौकात त्याला उतरून खुलासा करावा लागेल!

पण आपले खरे अभिवादन मानेचे नाही. ते तोंडाचे आहे. आपल्या कोणत्याही शहरात सकाळी दहाच्या सुमारास रस्त्यावर उभे राहा आणि कान द्या. "अहो, स्टँड!" अशी आरोळी येते. कोणाचे तरी बाजूचे स्टँड खालीच राहिलेले असते, आणि डाव्या वळणाला ते जमिनीला टेकले तर माणूस उताणा पडायचा, हे पाहणाऱ्याने पाहिलेले असते. "ताई, ओढणी!", "काका, मागच्या चाकात हवा नाही!", "दादा, पिशवी लोंबतेय!" हे सांगण्यासाठी मनुष्य आपली गाडी वेगाने पुढे काढतो, स्वतःचा जीव थोडा धोक्यात घालतो, सांगतो आणि गर्दीत नाहीसा होतो. आभार ऐकायलाही थांबत नाही. भरदिवसा कोणाचा पुढचा दिवा चालू राहिला, तर समोरून येणारे दहा जण हाताची मूठ उघडून-मिटून त्याला खुणावत. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे कायम चालू राहतील अशीच रचना सक्तीची झाली, तरी कित्येक वर्षे लोक ती मूठ उघडीत-मिटीतच राहिले. कायदा बदलला; सवयीला ते कळायला वेळ लागला. आणि पेट्रोल संपलेल्याच्या गाडीला मागून आपला पाय लावून त्याला पंपापर्यंत ढकलीत नेणारे तरुण तर आपण सर्वांनी पाहिले आहेत. ही रीत वाहतूक पोलिसांना पसंत नाही आणि ती धोक्याची आहे हेही खरे. पण तिच्यामागचा भाव खोटा नाही.

हिमालयात या भावाची परीक्षा अधिक कडक होते. मनालीहून लेहकडे जाताना तांडी येथे एक पेट्रोलपंप लागतो. यापुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे, असा फलक तेथे अनेक वर्षे होता. तेवढ्या वाटेत बारालाचा खिंड आहे, विरळ हवा आहे, अवेळी पडणारे बर्फ आहे. अशा ठिकाणी कोणी आपल्या टाकीतून नळी घालून बाटलीभर पेट्रोल काढून दिले, तर ते पेट्रोल नसते. तो आयुष्याचा वाटा असतो.

येथवर सांगितलेले सारे गोड आहे, आणि येथेच थांबलो तर टाळ्याही मिळतील. परंतु एक प्रश्न आम्हांला पुष्कळ दिवस छळीत आला आहे. ही सोयरीक नेमकी कोणाशी? आपल्यासारख्यांशी, की अडलेल्याशी?

२००९ सालच्या जुलैतली गोष्ट. महाडहून वरंधा घाट चढून आम्ही भोरकडे येत होतो. पाऊस असा की दहा हातांपलीकडचे दिसू नये. घाटमाथा ओलांडून नीरा-देवघरच्या जलाशयाच्या अंगाने रस्ता वळतो, तेथे आमच्या गाडीची क्लचची वायर तुटली. दिवस मावळत आलेला. तेवढ्यात मागून भारी मोटारसायकलींचा एक तांडा आला, सात-आठ असतील. अंगात चामडी कोट, गुडघ्यांना कवचे. आम्ही हात केला. त्यांतल्या प्रत्येकाने जाताजाता आम्हांला अंगठा दाखवला. त्यांच्या मंडळात अंगठा वर करणे हे अभिवादन आहे, त्यांचा हेतू वाईट नव्हता. आम्ही निसर्गशोभा पाहायला थांबलो आहोत असेच त्यांना वाटले असावे. पण मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे काय, हे त्या दिवशी आम्हांला नव्याने कळले.

त्यानंतर अर्ध्या तासाने एक जुनी शंभर सीसीची गाडी कुरकुरत आली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी ओढलेली. हात करण्याआधीच ती थांबली.

"काय झालं पाव्हणं?"

"क्लचची वायर तुटली."

"इंजिन चालू हुतंय न्हवं? मग क्लच कशाला पायजे? उताराला सोडा, वेग घेतला की दुसरा टाका. मधी थांबायचं नाय, थांबलासा की बंद. चला, मी हाय म्हागं."

आणि तो खरोखरच मागे राहिला. भोरपर्यंतचे ते अंतर आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये रखडत काटले. दोनदा गाडी बंद पडली, दोनदा त्याने उतरून ढकलली. त्याच्या पिवळट दिव्याचा उजेड आमच्या पुढ्यात पडे, आणि तो पडतो आहे एवढ्यानेच धीर येई. भोरला त्याने एका मिस्त्रीचे मिटलेले दार वाजवले, त्याला उठवले, आमची गाडी त्याच्या स्वाधीन केली. आम्ही खिशात हात घातला.

"पैसं ऱ्हाऊद्या. उद्या माजी बंद पडली तर?"

"उद्या आम्ही कुठे भेटणार तुम्हांला?"

"तुमी नाय, कुनीतरी भेटंल की."

एवढे बोलून तो गेला. वायर घालताघालता मिस्त्री म्हणाला, "याचं दूध आज परत जाणार. केंद्राची वेळ टळून गेली." सकाळसंध्याकाळ दोन-चार म्हशींच्या दुधावर घर चालवणाऱ्या माणसाने एका संध्याकाळचे दूध आमच्यासाठी गमावले होते आणि त्याचा उच्चारही केला नव्हता. आम्ही त्याचे नावदेखील विचारले नव्हते.

"तुमी नाय, कुनीतरी भेटंल." श्रोतेहो, या विषयावर आम्ही पुष्कळ वाचले, पुष्कळांशी बोललो, पण यापेक्षा नेमके शब्द आम्हांला मिळाले नाहीत. आपण सावकाराचे ऋण सावकाराला फेडतो. रस्त्यावरचे ऋण ज्याने दिले त्याला कधीच फेडता येत नाही. ते वाटेत भेटेल त्या तिसऱ्याला फेडायचे असते. आणि तो तिसरा कसा असेल, कोणत्या गाडीवर असेल, आपल्याला मान डोलवील की नाही, हे निवडण्याचा अधिकार ऋणकोला नसतो.

हे ऋण कसे हिंडते याचे एक जगजाहीर उदाहरण सांगतो. डाकार नावाची एक शर्यत आहे. दगडधोंड्यांतून, वाळवंटांतून हजारो किलोमीटर. तिच्यात एकेका मिनिटाला मोल. २०१६ साली दक्षिण अमेरिकेत ही शर्यत चालू असता माथियास वॉकनर हा ऑस्ट्रियन स्वार पडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. मागून पाउलो गोन्साल्विस हा पोर्तुगीज स्वार येत होता. तो आघाडीच्या फळीतला. त्याला थांबणे परवडणारे नव्हते. तो थांबला, मदत येईपर्यंत पडलेल्याजवळ राहिला. पुढे चार वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, सौदी अरेबियात त्याच शर्यतीत गोन्साल्विस स्वतः कोसळला. तेव्हा त्याच्यासाठी थांबला तो टोबी प्राइस, ऑस्ट्रेलियन, आदल्या वर्षीचा विजेता. गोन्साल्विस वाचला नाही. पण तो एकटा गेला नाही. "कुनीतरी भेटंल की" हे आमच्या दूधवाल्याचे वाक्य त्या वाळवंटातही खरे ठरले. शर्यतीचे चालक अशा वेळी खर्ची पडलेली मिनिटे थांबणाऱ्याला परत देतात, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. दूधवाल्याला त्याची संध्याकाळ परत देणारे मात्र कोणी नव्हते.

आता जे सांगायचे आहे ते सांगणे सोपे नाही. हे ऋण डोक्यावर असताना आम्ही एकदा ते फेडले नाही.

२०१३ सालच्या हिवाळ्यात आम्ही रात्री हमरस्त्याने परतत होतो. दुभाजकाशी एक मोपेड आडवी पडलेली दिसली. तिच्यापासून काही हातांवर एक माणूस. बाजूला तीन-चार जण उभे होते. आम्ही वेग कमी केला. मनात पहिला विचार आला तो असा की, माणसे आहेत की तिथे. दुसरा आला पोलिसांचा: जबाब, पंचनामा, कोर्टाच्या तारखा, रुग्णालयाच्या दारात अनामत रक्कम भरण्याचा आग्रह. तिसरा विचार येण्याच्या आत आम्ही पुढे निघून गेलो होतो. ते तीन-चार जणही कदाचित आमच्यासारखाच पहिला विचार करीत उभे असतील. त्या माणसाचे पुढे काय झाले ते आम्हांला ठाऊक नाही, आणि आता ते कळणारही नाही. स्टँड खाली राहिले आहे हे अनोळख्याला ओरडून सांगणारे आम्ही, तोच अनोळखी खाली पडला तेव्हा मुकाट्याने निघून गेलो. अशी ही आमची सोयरीक!

कोणी म्हणेल, त्या काळी भीती खरी होती. होती. दर्यावर्दी लोकांनी हा पेच फार पूर्वी सोडवला. समुद्रात बुडण्याच्या धोक्यात सापडलेल्या कोणाही माणसाला, तो शत्रू असला तरी, मदत करणे हे प्रत्येक कप्तानाचे कर्तव्य आहे, असे १९१० सालच्या ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय कराराने ठरवले. 'शत्रू असला तरी' हे शब्द पाहा. बुडणारे जहाज कोणाच्या मालकीचे, त्यावर निशाण कोणते, हा विचार तेथे पाप ठरतो. आपल्या रस्त्यांवर वाटसरूवर असे कर्तव्य कायद्याने लादलेले नाही. पण निदान त्याची भीती तरी कायद्याने काढून टाकली आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याचा छळ होऊ नये म्हणून केंद्र सरकारने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या; सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी त्यांना बंधनकारक रूप दिले; आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्बुद्धीने मदत करताना काही चुकले, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. रुग्णालयाने त्याच्याकडून पैसे मागता कामा नयेत. म्हणजे २०१३ साली आमच्याजवळ निदान एक सबब होती. आज तीही उरलेली नाही. जखम झाल्यापासूनच्या पहिल्या तासाला त्याच कायद्यात विशेष महत्त्व दिलेले आहे, कारण त्या तासात उपचार मिळाले तर जीव वाचण्याचा संभव सर्वाधिक असतो. आम्ही गाडी पुढे काढली तेव्हा त्या माणसाच्या त्या तासातली काही मिनिटे आमच्या हाती होती.

परंतु कायद्याची वाट न पाहणारी माणसेही याच देशात आहेत. पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यात करीमुल हक नावाचे चहामळ्यातले एक मजूर आहेत. १९९५ साली त्यांची आई वेळेवर वाहन न मिळाल्यामुळे दगावली. पुढे एक सहकारी मळ्यात कोसळला, तेव्हा करीमुल यांनी त्याला मोटारसायकलवर आपल्या पाठीशी बांधले आणि रुग्णालय गाठले. तो वाचला. तेव्हापासून त्यांनी आपली मोटारसायकल हीच गावोगावच्या आजाऱ्यांची रुग्णवाहिका केली. हजारो माणसे त्यांच्या पाठीला टेकून रुग्णालयात पोहोचली. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांना त्यांनी नेले त्यांतले बहुतेक गाडीवाले नव्हतेच. गाडी नव्हती म्हणून तर ते अडलेले होते. दोन चाकांच्या सोयरिकीचा खरा अर्थ करीमुल यांना कळला, असे आम्ही म्हणतो, तो यामुळे. दूधवाल्याने गाडीवाल्याला मदत केली. करीमुल यांनी माणसाला केली.

तात्पर्य काय? समान गाड्यांचे, समान कोटांचे मेळावे भरोत. त्यांना आमचा विरोध नाही. अशा तांड्यांत सर्वांत शेवटी पाने, वायरी आणि औषधाची पेटी घेऊन चालणारा एक गडी असतो. मागे पडलेल्याला सोडून जायचे नाही, हे त्याचे काम. ही फार चांगली चाल आहे. आमचे मागणे इतकेच की, त्या शेवटच्या गड्याने आपल्या तांड्याची गणती सात-आठांवर थांबवू नये. रस्त्याच्या कडेला जो अडला आहे, तो त्याच्या तांड्यातलाच धरावा. मग तो दूधवाला असो, सायकलवाला असो, की पायी चालणारा.

जाताजाता दोन व्यवहाराच्या गोष्टी. पडलेल्याचे हेल्मेट घाईने ओढून काढू नका. मानेला इजा असेल तर ती वाढते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. बाजूला चार माणसे उभी दिसली, तर त्यांना सर्वांना मिळून 'कोणीतरी फोन करा' असे म्हणू नका. एकाकडे बोट दाखवून 'दादा, तुम्ही करा' म्हणा. कारण चौघांना सांगितलेले काम कोणाचेच नसते, हे आम्हांला एका हिवाळ्यातल्या रात्रीने शिकवले आहे.

आणि आपली गाडी कधी घाटात बंद पडली, एखादी कुरकुरती गाडी आपल्यापाशी येऊन थांबली, तर निदान त्याचे नाव विचारा. आम्ही विचारले नाही, याची खंत अजून आहे. त्याच्या नावावर जमा करायचे ते आज आपणा सर्वांच्या नावावर जमा करतो.